कापड पाणी कधी पितं

मागावरून नुकतंच उतरलेलं कोरं सुती कापड घ्या. ताटाच्या काठांवर ते ताणून धरा आणि बोटभर उंचीवरून पाण्याचा एकच थेंब त्यावर सोडा. थेंब फुटत नाही, पसरत नाही. अळूच्या पानावर बसावा तसा टपोरा बसून राहतो. जवळून पाहिलं तर त्यात खिडकीची चौकट उलटी दिसते. तीस सेकंद जातात, कधी मिनिट जातं, थेंब तिथेच. मग कडेने किंचित काळपट ओल धरते, थेंब चपटा होतो, चकाकी जाते आणि शेवटी ओला डाग तेवढा उरतो. आमच्याकडचे रंगारी याला साध्या भाषेत ‘कापड पानी पेत नाही’ असं म्हणतात. थेंब सोडल्यापासून चकाकी जाईपर्यंतचा वेळ मोजणं ही प्रयोगशाळांतलीही मान्य चाचणी आहे. नीट उकळून धुतलेल्या कापडावर तोच थेंब एक-दोन सेकंदांत नाहीसा होतो.

गंमत अशी की कापूस हा मुळात पाण्याचा भुकेला. रुईत नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं आणि सेल्युलोजला पाणी आवडतं. पण धाग्याच्या सगळ्यांत बाहेरच्या पापुद्र्यात अर्धा ते एक टक्का मेण असतं. पऱ्हाटीवर बोंडात वाढताना तंतूने अंगावर घेतलेलं हे पांघरूण. सूतकताईला त्याचा फायदा होतो, कारण मेणामुळे धागा घासून तुटत नाही. वर हातमागाच्या ताण्याला कांजीची खळ दिलेली असते, तिच्यात कधी तेलाचं बोटही असतं. म्हणजे रंगाऱ्याच्या हातात येणारं कापड हे आतून तहानलेलं आणि वरून तोंड बांधलेलं असतं.

दुसरी अडचण पाण्याचीच. पाण्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पृष्ठभागावर ताणलेली कातडी असल्यासारखं वागतात. हा ताण साध्या तापमानाला मीटरमागे ७२ मिलिन्यूटनच्या आसपास असतो. तो ३०-३५ पर्यंत उतरला की पाणी मेणावरही पसरायला तयार होतं. हे उतरवण्याचं काम करणाऱ्या पदार्थाला कापडधंद्यात ‘वेटिंग एजंट’ म्हणतात. मराठीत त्याला आर्द्रक असा शब्द आहे, पण तो कुणी बोलत नाही. शेतकऱ्याला हीच वस्तू दुसऱ्या नावाने माहीत असते. कपाशीच्या पानावर औषध थांबावं म्हणून फवाऱ्याच्या पंपात टोपणभर ‘स्टिकर’ टाकतात, त्यातही पाणी पसरवणारा असाच एक पदार्थ असतो.

आपल्या विदर्भात याआधीचे उपाय होतेच. रिठ्याच्या सालीत आणि हिंगणबेटाच्या गरात सॅपोनिन असतं, ते पाण्याचा ताण कमी करतं. कोशाचं कापड आणि लोकर धुवायला रिठा आजही चांगला, कारण तो तंतूला बोचत नाही. पण प्रत्येक झाडाचा, प्रत्येक सालचा रिठा वेगळा. किती घातलं म्हणजे किती काम होईल याचा भरवसा नाही, आणि पांढऱ्या कापडावर पिवळट छटा राहते ती वेगळीच.

साबणाचं दुखणं आणखी निराळं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्याने पाहिलाय त्याला ते सांगायला नको. विहिरीचं पाणी मचूळ, साबण घासला तरी फेस नाही, आणि बादलीत वर दह्यासारखा चोथा तरंगतो. हा चोथा म्हणजे साबणातलं स्निग्धाम्ल आणि पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची गाठ. ती कापडावर बसली की तिथे रंग चढत नाही आणि सुकल्यावर नकाशासारखे डाग दिसतात. शिवाय साबणाचं डोकं, म्हणजे रेणूचं पाण्याकडे ओढ असलेलं टोक, दुबळं. त्याचा कार्बोक्झिल गट क्षीण आम्लाचा, म्हणून रंगाच्या भांड्यात थोडी आंबट वस्तू पडली की साबण मोडून त्याचं स्निग्धाम्ल होतं.

सल्फोनिक आम्लांचं महत्त्व इथे कळतं. लांब तेलकट शेपटीच्या टोकाला कार्बोक्झिलऐवजी गंधकाचा गट बसवला की तयार होणारं आम्ल जवळजवळ गंधकाम्लाइतकंच तीव्र असतं. त्याचा सोडियम क्षार आंबट पाण्यात मोडत नाही, कॉस्टिक सोड्याच्या उकळीत मोडत नाही, आणि जड पाण्यात साबणापेक्षा बराच तग धरतो. बराच, पूर्ण नव्हे. अगदी जड पाण्यात त्याचाही काही भाग गढूळ होऊन खाली बसतो, म्हणून खारपाणपट्ट्यात आधी पाण्याला धुण्याचा सोडा किंवा लिटरमागे एक-दोन ग्रॅम हेक्झामेटाफॉस्फेट हा पाणी मऊ करणारा क्षार लागतोच.

एक फरक इथेच सांगायला हवा, कारण धंद्यात दोन्हींना सरसकट ‘सल्फोनेटेड’ म्हणतात. गंधक थेट कार्बनला चिकटलं असेल तर ते सल्फोनेट. मध्ये ऑक्सिजनचा दुवा असेल तर ते सल्फेट. कागदावर एका अक्षराचा फरक, पण तो दुवाच कमकुवत असतो. गरम आम्लात सल्फेट तुटतं, सल्फोनेट टिकतं. डब्यावर काय लिहिलंय यापेक्षा ते कोणत्या भांड्यात जाणार आहे हे बघून माल निवडायचा तो यासाठी.

आता फेसाविषयी. बाजारात धुण्याच्या द्रावणाची पारख फेसावर होते. बाटली हलवून दाखवायची, फेस आला की माल चांगला. ओलावण्याच्या कामात हा निकष जवळजवळ निरुपयोगी आहे. कापडात पाणी शिरताना पाण्याची आघाडी सतत पुढे सरकत असते आणि दर क्षणी नवा, कोरा पृष्ठभाग तयार होत असतो. आर्द्रकाच्या रेणूला त्या आघाडीबरोबर धावावं लागतं. आखूड, फांद्या असलेला, मध्यावर डोकं असलेला रेणू चटकन पोचतो. लांब सरळ शेपटीचा रेणू मळ छान सोडवतो, फेसही भरपूर देतो, पण धावण्यात मागे पडतो. म्हणूनच उत्तम धुणारं आणि उत्तम ओलावणारं हे सहसा एकच रसायन नसतं.

ही गोष्ट जर्मनीत टंचाईतून उमगली. पहिल्या महायुद्धात तिथे साबणाला चरबी मिळेना. १९१७ च्या सुमारास बीएएसएफच्या रसायनज्ञांनी कोळशाच्या डांबरातून मिळणारं नॅफ्थालीन (आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्या याच्याच असायच्या) आणि आखूड साखळीचं अल्कोहोल यांची तीव्र गंधकाम्लात एकत्र प्रक्रिया केली. अल्कोहोलची शेपटी नॅफ्थालीनला जोडली गेली, गंधकाचा गटही बसला. ‘नेकाल’ नावाने हा पदार्थ विकला गेला. साबण म्हणून तो सुमारच निघाला. मळ निघेना. पण कापड त्यात टाकलं की बुडायचं. गिरण्यांनी त्याला साबणाच्या रांगेतून उचलून रंगखात्यात नेलं, आणि ॲल्किल नॅफ्थालीन सल्फोनेट आजही तिथे आहे.

खेड्यापर्यंत पोचलं ते मात्र दुसरंच आम्ल, लिनिअर ॲल्किल बेंझिन सल्फोनिक ॲसिड. हे नाव कुणी घेत नाही. वर्धा असो की वाशीम, रसायनाच्या दुकानात ‘ॲसिड स्लरी’ मागायची. धुण्याची पावडर करणारे बचत गट, भांडी घासायचं लिक्विड करणारी पोरं, सगळ्यांचं कच्चं द्रव्य हेच. काकवीसारखी दाट, तपकिरी, उग्र वासाची. ओलावण्यात ती नेकालची बरोबरी करत नाही, पण मिळते सहज, परवडते, आणि कॉस्टिकच्या उकळीत टिकते. खादीच्या उकळणीला एवढं पुरतं.

स्लरी घरी करण्याची गोष्ट नाही, हे स्पष्ट सांगून टाकलेलं बरं. केरोसिनमधल्या सरळ साखळ्या आणि बेंझिन जोडून आधी ॲल्किल बेंझिन हे तेल होतं, आणि मोठ्या रसायन-प्रकल्पांतून ते छोट्या कारखान्यांकडे जातं. तिथे त्याच्यावर ओलियमची, म्हणजे धुराळणाऱ्या गंधकाम्लाची, प्रक्रिया होते. वजनाने तेलाइतकंच किंवा थोडं जास्तच ओलियम, तापमान ४५ ते ५० अंशांच्या आसपास, सतत ढवळणं, मग तासभर-दोन तास मुरवणं. त्यानंतर मोजून पाणी घातलं की उरलेलं आम्ल पातळ होऊन खाली बसतं आणि वर स्लरी तरंगते. खालच्याला ‘स्पेंट ॲसिड’ म्हणतात. तापमान हातचं सुटलं की एका रेणूवर दोन-दोन गट बसतात, सल्फोनसारखे न विरघळणारे पदार्थ होतात, रंग काळा पडतो. नव्या प्रकल्पांत ओलियमऐवजी हवेत मिसळलेला सल्फर ट्रायऑक्साइड वायू वापरतात. त्यात टाकाऊ आम्ल जवळजवळ निघत नाही, माल उजळ येतो.

या दोन वाटांचा हिशेब गिऱ्हाइकाच्या बादलीपर्यंत येतो. वायूवाली स्लरी ९६ टक्क्यांची आणि तिच्यात मोकळं गंधकाम्ल टक्का-दीड टक्का. ओलियमवाली ९० टक्क्यांची, मोकळं आम्ल पाच-सहा टक्के. दुकानात आणखी एक जोडी ऐकू येते, ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’. हार्ड म्हणजे फांदीदार साखळीची. ती जिवाणूंना खाता येत नाही. १९५०-६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगले ते तिच्यामुळेच, आणि नंतर तिकडचा धंदा सरळ साखळीकडे वळला. स्वस्त मिळाली तरी हार्ड घेऊ नये. आपल्या नाल्यांना दिवाळीनंतर धारच नसते, सोडलेलं तिथेच साचतं.

कॅनमधला माल कसा आहे ते ओळखायला दोन गोष्टी पुरतात. पारदर्शक बाटलीत थोडी स्लरी भरून चोवीस तास न हलवता ठेवायची. तळाशी वेगळा, पातळ, गडद थर बसला तर स्पेंट ॲसिड नीट काढलेलं नाही. दुसरी चाचणी मोजमापाची. बरोबर एक ग्रॅम स्लरी शंभर मिली पाण्यात विरघळवायची, फिनॉल्फथॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि लिटरमध्ये चार ग्रॅम कॉस्टिक असलेलं द्रावण थेंबथेंब सोडायचं. पाणी गुलाबी होऊन तसंच राहिलं की थांबायचं. ९६ टक्क्यांच्या मालाला ३२ ते ३४ मिली लागतात, ९० टक्क्यांच्या मालाला ३८ ते ४०. इथे एक उलटं गणित आहे, त्यात भले भले फसतात. कॉस्टिक जास्त खातेय म्हणजे स्लरी ‘कडक’ आहे असं वाटतं. ती जादा भूक मोकळ्या गंधकाम्लाची असते. त्यातून कामाचा क्षार नव्हे, सोडियम सल्फेट होतं, आणि त्याचे पैसे आपण दोनदा मोजतो, एकदा स्लरीत आणि एकदा कॉस्टिकमध्ये.

स्लरी आहे तशी कापडावर घालता येत नाही. आम्ल सुताला जाळतं. ती आधी मारावी, म्हणजे कॉस्टिकने तिचा आंबटपणा घालवावा लागतो. एक किलो ९६ टक्क्यांच्या स्लरीला १३० ते १३५ ग्रॅम कॉस्टिक फ्लेक्स आणि चार लिटर पाणी घेतलं की साधारण पाच लिटर, वीस टक्क्यांचं द्रावण होतं. ९० टक्क्यांची असेल तर कॉस्टिक १५५ ते १६० ग्रॅम. भांडं जाड प्लॅस्टिकचं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालणारच नाही, कॉस्टिक त्याला खाऊन हायड्रोजन सोडतं. लोखंडी घमेल्यातून लोह उतरतं, आणि ते लोह पुढे हिरड्याच्या कापडावर काय करतं ते ठाऊक आहेच. काळे ठिपके पडतात आणि निघत नाहीत.

क्रम चुकवायचा नाही. पाण्यात कॉस्टिक घालायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. चारही लिटर पाणी एकदम घ्यायचं. एवढ्या पाण्यात १३५ ग्रॅम कॉस्टिक विरघळलं तर पाणी आठ-नऊ अंशांनी तापतं, हात लावला तर जेमतेम कळतं. तेच घाईत अर्ध्या लिटरात विरघळवलं तर साठ अंशांच्या आसपास चढतं. मे महिन्यात टाकीतलं पाणी मुळातच चाळिसाला टेकलेलं असतं. बेरीज करा, म्हणजे लाय (कॉस्टिकचं पाणी) उकळून तोंडावर का उडते ते कळेल. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. उडालंच तर व्हिनेगर, लिंबू असले उपाय नकोत. साधं पाणी, भरपूर, पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेलं असेल तर तसंच धुवत दवाखान्यात.

लाय निवली की त्यातला दहावा हिस्सा बाजूला काढायचा. उरलेल्यात स्लरी करंगळीएवढ्या धारेने सोडायची आणि प्लॅस्टिकच्या वल्ह्याने ढवळत राहायचं. धार पडते तिथे आधी पांढरट गाठ दिसते, वल्हं फिरलं की सुटते. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज बदलतो. चुबुकचुबुक थांबतं आणि ढवळणं रेशमी, जड लागतं. ताक घुसळताना लोणी येण्याआधी रवी जड होते त्यासारखंच. इथे हात आखडला तर तळाशी न मेलेली स्लरी बसून राहते, वरचा कागद ठीक दाखवतो आणि आठवड्याने अख्खा कॅन आंबट निघतो. शेवटचा दहावा हिस्सा पीएच कागद बघत बघत घालायचा, साडेसात-आठवर थांबायचं. कागद संपला असेल तर हळदीत बुडवून वाळवलेला साधा कागद चालतो. पिवळा राहिला तर अजून वाव आहे, विटकरी लाल झाला तर कॉस्टिक जास्त झालं.

पाणी कमी घेण्याचा मोह आवरायचा. तीस टक्क्यांच्या वर गेलं की हे द्रावण पातळ राहत नाही, जेलीसारखं उभं राहतं. मग त्यात पाणी ओतलं तरी गुठळ्या तरंगतात, दिवसभर सुटत नाहीत. घट्ट म्हणजे ताकदवान हा समजही याच जेलीतून आलाय. बाटलीबंद लिक्विडात मीठ घालून दाटपणा आणतात. त्या दाटपणाचा ओलावण्याशी काडीचा संबंध नाही.

एरंडीच्या तेलाची वाट याहून जुनी आणि आपल्या मातीच्या जवळची. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, त्याच दशकात युरोपात एरंडीच्या तेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ‘टर्की रेड ऑइल’ रंगकामात आलं. ॲलिझरीनचा लाल रंग सुतावर पक्का बसवायला त्याआधी खवट ऑलिव्ह तेल आणि आठवडेच्या आठवडे लागत. आपल्याकडेही आलाच्या, म्हणजे बारतोंडीच्या, मुळांचा लाल रंग चढवण्याआधी कापडाला तेल आणि खार पाजायची पद्धत होती. तेल कुठलंही असो, लाल रंगाला ते लागतं हे दोन्हीकडच्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं.

धंद्यात यालाही ‘सल्फोनेटेड’ म्हणत असले तरी हे तेल काटेकोरपणे सल्फेट आहे. एरंडीच्या रेणूवर जो हायड्रॉक्सिल गट असतो त्यावर गंधकाम्ल बसतं. प्रमाण असं की एक किलो स्वच्छ एरंडेलाला २०० ते २५० ग्रॅम ९८ टक्के गंधकाम्ल, म्हणजे ११० ते १३५ मिली. ते तीन-चार तासांत थेंबथेंब, सतत ढवळत घालायचं आणि तेल ३० अंशांच्या आसपास ठेवायचं, ३५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. विदर्भात याचा सरळ अर्थ असा की मार्च ते जून हे काम काढायचं नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, भांडं थंड पाण्याच्या टपात ठेवून, जोडीला बर्फ घेऊन करायचं. तापमान चढलं की गंधकाचा ठसका नाकात जातो, तेल काळं आणि रबरासारखं होतं, आणि ते मागे फिरवता येत नाही. लाकडी काठी नको, तीव्र आम्ल तिला कोळशासारखी करतं. काचेची किंवा जाड प्लॅस्टिकची घ्यायची. आम्ल मिळवतानाही नियम पाळायचे. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर किरकोळ दुकानदाराला ओळखपत्र बघून, नोंद करूनच ॲसिड देता येतं. हे काम ज्याला आम्लाचा सराव आहे आणि जवळ मोकळी हवा व वाहतं पाणी आहे त्यानेच करावं, बाकीच्यांनी तयार तेल विकत घ्यावं. ते महाग नसतं.

रात्रभर मुरल्यावर तेवढ्याच कोमट, दहा टक्के मिठाच्या पाण्याने धुवायचं. साधं पाणी घातलं तर तेल त्यातच विरघळून दूध होतं आणि काही केल्या वेगळं होत नाही. मिठाने ते वर राहतं, आम्ल खाली उतरतं. असं दोन-तीनदा. धुणं आळसाने केलं तर आत राहिलेलं आम्ल साठवणीत तेलाला परत मोडतं आणि महिन्या-दोन महिन्यांत कॅनमध्ये दोन थर दिसतात. खालचं आंबट पाणी चुना टाकून मारल्याशिवाय बाहेर सोडायचं नाही. मग वरच्या तेलाचा पीएच पातळ कॉस्टिकने सातपर्यंत आणायचा. पेलाभर पाण्यात चार थेंब टाकून हलवा. पाणी स्वच्छ किंवा किंचित निळसर दुधी दिसलं तर जमलं. वर तेलाचे डोळे तरंगले तर आम्ल कमी पडलं किंवा ढवळणं.

वापराकडे वळू. किलोभर खादीला आधी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून खळ फुगू द्यायची. सकाळी ते पाणी फेकून वीस लिटर पाणी, ४० ग्रॅम कॉस्टिक, २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि वरच्या वीस टक्के द्रावणाचे ५० ते १०० मिली. यापेक्षा जास्त घालून फक्त फेस वाढतो. लिटरमागे अर्धा ग्रॅम झाला की पाण्याचा पृष्ठभाग रेणूंनी भरून जातो, नंतर आलेले रेणू पाण्यातच एकमेकांना बिलगून गोळे करून बसतात. दोन ते तीन तास उकळायचं आणि कापड सतत पाण्याखाली ठेवायचं. वर आलेला फुगा गरम कॉस्टिकसकट हवेत राहिला की तिथलं सूत कुजकं होतं, पुढे नेमकं तिथेच फाटतं. खादी तरंगते ती आत अडकलेल्या हवेमुळे, आणि आर्द्रक ती हवा बाहेर ढकलतो, उकळणीतलं त्याचं खरं काम हेच. उकळून झाल्यावर पहिलं धुणं गरम पाण्याचंच. थेट गार पाण्यात टाकलं तर सुटलेलं मेण परत धाग्यावर गोठतं आणि सकाळपासूनची मेहनत वाया जाते.

तुरटीचा रंग करणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं. तुरटीतलं ॲल्युमिनियम आणि सल्फोनेट एकत्र आले की चिकट साका होतो. उकळणीनंतर कापडात फेसाचा अंशही उरता कामा नये, नाहीतर मंजिष्ठेचा लाल ढगाळ चढतो. टर्की रेड ऑइल याला अपवाद दिसतं, पण तिथे हाच साका मुद्दाम तंतूच्या आत पाडतात आणि त्यावर ॲलिझरीन बसतं. अपघात आणि कृती यांत फरक फक्त क्रमाचा. कपडा मऊ करणारी कॅटायनिक, म्हणजे धन भाराची, रसायनं आणि सल्फोनेट यांचंही एका भांड्यात पटत नाही, दोन्ही एकमेकांना मारतात. निळीच्या भांड्यात मात्र सूत आधी ओलावून घातल्याने जेवढा फायदा होतो तेवढा कुठेच होत नाही. कोरड्या सुताबरोबर आत गेलेली हवा निळीचं भांडं बिघडवते.

भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावच्या कोशाला यातलं कॉस्टिक वर्ज्य. कोसा हा प्रथिनाचा तंतू, कॉस्टिकच्या उकळीत विरघळून जाईल. तिथे रिठा किंवा सौम्य साबण आणि अगदी थोडा सोडा. आर्द्रक हवाच असेल तर टर्की रेड ऑइल, लिटरमागे ग्रॅम-दीड ग्रॅम. गिरणीवाले थंड पाण्यात झटपट ओलावायला सल्फोसक्सिनेट वापरतात, वेगात त्याला तोड नाही. पण त्यात एस्टरचे दुवे असतात, कॉस्टिकच्या उकळीत ते तुटतात. महागडं रसायन उकळणीत घालून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणारे बहुतेक इथे चुकलेले असतात.

आपण केलेलं द्रावण चांगलं की विकतचं, हे ठरवायला फेसाची बाटली हलवत बसू नये. एकाच थानातल्या कोऱ्या कापडाचे इंच-इंच चौकोन कापायचे. लिटरमागे एक ग्रॅम आर्द्रक असलेल्या पाण्यावर एक चौकोन अलगद आडवा ठेवायचा आणि तो बुडायला लागणारे सेकंद मोजायचे. साध्या पाण्यावर असा तुकडा अर्धा तासही होडीसारखा तरंगतो. पाच तुकड्यांची सरासरी घ्यायची, पाणी दोन्ही वेळा त्याच विहिरीचं आणि त्याच तापमानाचं असावं. नळाच्या पाण्यावर जिंकलेलं द्रावण खारपाणपट्ट्यात हरू शकतं.

उकळणीचं पाणी शेतात सोडायची सवय वाईट. त्यातलं सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतं, माती ओली असताना चिखल आणि वाळली की दगड होते. पूर्णा खोऱ्यातल्या चोपण जमिनीचं दुखणं याच जातीचं आहे, त्यात आपली भर नको. पीएच उतरवून शोषखड्ड्यात सोडायचं, विहिरीपासून लांब. सरळ साखळीचं सल्फोनेट हवा खेळत असेल तर जिवाणू खातात. गाळात, हवेशिवाय, ते तसंच पडून राहतं.

कॅनवर तारीख, स्लरीची टक्केवारी आणि वापरलेलं कॉस्टिक लिहून ठेवावं. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की स्लरीचं वीस टक्के द्रावण गढूळ होतं, तळाशी पांढरी साय बसते. ते बिघडलेलं नसतं, क्षार थंडीने वेगळा झालेला असतो. कॅन दुपारी उन्हात ठेवून द्यायचा, नितळ झाला की तळापर्यंत एकदा ढवळायचा आणि मगच मोजून घ्यायचं, नाहीतर वरचं पाणी आजच्या कापडाला जातं आणि खालची साय उद्याच्या.